जॉबरच्या हातचा लॅपटॉप

लॅपटॉप आरोहीला हवा होता, वापरणार आरोही होती आणि त्यातलं घरात कळत होतं ते फक्त आरोहीला. म्हणून तो निवडणार अर्थातच अप्पा.

अप्पा म्हणजे आरोहीचे वडील, चनबसप्पा. अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका टॉवेलच्या कारखान्यात तीस वर्षं जॉबर, म्हणजे बिघडलेले माग ताळ्यावर आणणारा माणूस. माग चालताना नुसता ऐकायचा आणि त्याचं कुठं दुखतंय ते सांगायचं, ही त्यांची ख्याती. स्वतःच्या कानावर त्यांचा इतका भरवसा होता की घरचा मिक्सर, शेजाऱ्यांची स्कूटर, कुणाच्या लग्नातला जनरेटर, सगळ्यांचं निदान ते कान लावून करत. निम्म्या वेळा ते बरोबर निघायचं. घात केला होता तो त्या निम्म्या वेळांनी.

आरोहीला घाई होती. ॲनिमेशनचा कोर्स संपवून दीड वर्ष झालं होतं आणि तेव्हापासून ती लग्नपत्रिका आणि वाढदिवस-बारशांचे डिजिटल फलक बनवत होती. फलकावरच्या बारशाच्या बाळाला गॉगल घालून घालून तिचा जीव विटला होता. अशात पुण्याच्या एका गेम बनवणाऱ्या कंपनीनं तिला परीक्षेचं काम पाठवलं. एक बंद पडलेली कार्यशाळा संगणकावर उभी करायची, तिच्यातून कॅमेरा तीस सेकंद फिरवून दाखवायचा आणि पुढच्या सोमवारी संध्याकाळी सहाच्या आत पाठवून द्यायचं. जमलं तर नोकरी. तिचा जुना लॅपटॉप नुसता उघडायलाच इतका वेळ घ्यायचा की तेवढ्यात आईच्या दोन भाकरी व्हायच्या.

आता यात एक गोम होती. नोकरी पुण्यात जाऊन करायची होती आणि घरी आरोहीनं सांगितलं होतं की काम घरबसल्या आहे. दोन वर्षांपूर्वी पुण्याच्या कोर्सचं नाव काढलं तेव्हा अप्पांनी ताटावरून मान वर न करता सांगितलं होतं, "एकट्या पोरीला तितं ठेवणं जमायचं न्हाई." विषय तिथंच संपला होता. त्यामुळं या वेळी तिनं आधी लॅपटॉप, मग परीक्षा, मग नोकरी आणि सगळं हातात आल्यावर खरं, असा क्रम लावला होता. खोटं एकदाच बोलली होती, पण अप्पा रोज कुणाला तरी कौतुकानं सांगायचे, "आमची आरू घरातनंच पुण्याचं काम करणार." ते ऐकलं की तिला जमिनीत गडप व्हावंसं वाटायचं.

तर मंगळवारी तिघंही सात रस्ता चौकात कासीमच्या लॅपटॉपच्या दुकानात गेले. आरोही, अप्पा आणि आई गौरम्मा, जिला घरात सगळे अव्वा म्हणत. लॅपटॉप घ्यायला अव्वा कशाला, हे आरोहीनं विचारून पाहिलं होतं. "फ्रीज घेताना बी आलते की मी," असं उत्तर मिळालं.

दुकान कसलं, दोन गिऱ्हाइकं आत शिरली की तिसऱ्यानं पायरीवर उभं राहायचं. कासीम नवे लॅपटॉप विकायचा, जुने घेऊन दुरुस्त करायचा, कुणाला ताकद कमी पडत असेल तर ती वाढवूनही द्यायचा. माणूस सरळ, म्हणून आरोहीनं तेच दुकान निवडलं होतं.

"काम काय तुमचं ताई? थ्रीडी ना? मग ग्राफिक कार्ड तगडं पाहिजे. रॅम सोळाच्या खाली बघूच नका," कासीम म्हणाला.

"म्हणजे गेमिंगचाच," आरोही बोलून गेली आणि तिनं जीभ चावली.

"गेम?" अप्पांचे कान टवकारले. "तुला काम करायचंय का खेळायचंय?"

हे तिनं घरी किमान दहा वेळा समजावलं होतं. अकराव्यांदा ती दात खाऊन म्हणाली, "अप्पा, टॉवेल वापरणाऱ्याला माग लागत नाही, विणणाऱ्याला लागतो. खेळणाऱ्याला जेवढं मशीन लागतं, त्याहून मोठं ते बनवणाऱ्याला लागतं."

अप्पांनी विचार केला. पटल्यासारखं दिसलं. मग त्यांचं लक्ष काउंटरवरच्या नव्याकोऱ्या लॅपटॉपकडं गेलं, ज्याच्या कीबोर्डातून लाल, हिरवे, निळे दिवे पळत होते. "बरं. पण मग मागाला लायटिंग कशाला?"

कासीम हसला. आरोहीला हसू आलं नाही. तीन आठवडे खपून तिनं जो लॅपटॉप नक्की केला होता, तो नेमका हाच होता.

पुढचा पाऊण तास तिनं कसा काढला ते तिचं तिलाच ठाऊक. अप्पांनी प्रत्येक लॅपटॉपच्या पाठीवर बोटानं टकटक करून पाहिलं. कान लावला. "डबल शिफ्ट चालंल का?" असं कासीमला विचारलं. "मामा, लॅपटॉप हाय हा," कासीम म्हणाला. "मग? काम तर तेच की. सलग किती तास?" अव्वानं एका चालू लॅपटॉपच्या बुडाला हात लावला आणि चटकन काढून घेतला. "यव्वा! केवढं तापतंय! ह्याच्यावर पोरगी काम करणार?"

शेवटी अप्पांनी बोट ठेवलं ते कोपऱ्यातल्या एका वापरलेल्या लॅपटॉपवर. पुण्याच्या कुठल्याशा स्टुडिओतून आलेला, कडा घासलेल्या, दोन अक्षरं पुसलेली.

"नवं मशीन रुळायला सहा महिने घेतं," अप्पा म्हणाले. "हे रुळलेलं हाय."

"अप्पा, याला रुळणं-बिळणं नसतं!"

"पण ताई, मामा चूक न्हाईत," कासीम मधेच बोलला. "ह्याचं ग्राफिक कार्ड त्या नव्यापेक्षा दोन पायऱ्या वरचं हाय. रॅम मी वाढवून बत्तीस करतो, जुनी डिस्क काढून नवी टाकतो. त्याच पैशात पळंल बघा."

आरोहीनं कार्डाचा नंबर मोबाइलवर तपासला. कासीम खरं बोलत होता. आणि संतापाची गोष्ट नेमकी हीच होती, की पाठीवर टकटक करून माणसानं बरोबर मशीन निवडावं आणि तीन आठवडे अभ्यास करणारीनं चुकीचं.

"पंखा पण बदलून टाकू का मामा? तेवढा जुनाच हाय," रॅम बसवताना कासीमनं विचारलं.

"आवाज करतोय का?"

"आत्ता तरी न्हाई."

"मग चालत्या मशीनला हात लावायचा न्हाई. आवाज आला की बघू."

 आरोहीला फक्त घरी जाऊन कामाला बसायचं होतं.

पुढचे चार दिवस ती खुर्चीतून उठली ती जेवायला आणि झोपायला. कार्यशाळा म्हणून तिनं मागांचा कारखाना घेतला होता, कारण दुसरी कुठली कार्यशाळा तिनं आतून पाहिलेलीच नव्हती. शाळेत असताना अप्पांचा डबा घेऊन ती तिथं जायची. छपराला लोंबणारं कापसाचं तूस, तेलकट फरशी, धाग्याचे कोन, सगळं तिनं आठवून आठवून रचलं. अप्पा कामावरून आले की मागं येऊन उभे राहायचे. "झाला का गेम?" ते विचारायचे. आणि आरोही चटकन लॅपटॉप भिंतीकडं वळवायची. मेल उघडा असायचा, त्यात पुण्याचा पत्ता असायचा. "झालं की सांगते," ती म्हणायची आणि अप्पा गप जाऊन हातपाय धुवायचे.

रविवारी दुपारी तिचं काम संपलं आणि मशीनचं सुरू झालं. रचलेल्या दृश्याची सातशे वीस चित्रं त्यानं एकामागून एक काढायची, ती जोडून तीस सेकंदांची फिल्म व्हायची. एका चित्राला अर्धं मिनिट, म्हणजे सहा तास. सोमवारचा अख्खा दिवस हाताशी राहणार होता. दोनशेच्या वर चित्रं निघाल्यावर आरोही निर्धास्त झाली आणि अंघोळीला गेली. आठवड्यात पहिल्यांदाच तिनं केसांवरून सावकाश पाणी घेतलं.

केस पुसत ती बाहेर आली तर लॅपटॉप पलंगावर पालथा पडला होता आणि अप्पा त्याच्यावर ओणवे झाले होते. हातात लांब चोचीची तेलाची कुप्पी.

"अप्पा! काय करताय?"

"लई आवाज करत हुतं गं. बेरिंग कोरडं पडलंय त्याचं," अप्पा शांतपणे म्हणाले. "दोन थेंब सोडलं. आता बघ कसं गप झालं."

गप झालं होतं खरं. आरोहीनं लॅपटॉप सुलटा केला. पडदा काळा होता. बटण दाबलं, तो सुरू झाला, दहा मिनिटांत तव्यासारखा तापला आणि पुन्हा विझला. पुन्हा लावला, पुन्हा विझला. बुडाच्या जाळीतून मागाचं तेल चादरीवर उतरत होतं. दोन थेंब कसले, धारच होती ती.

मग आरोहीचा तोल गेला. आठवडाभराचं, दोन वर्षांचं, सगळं एकदम बाहेर आलं.

"कुणी सांगितलं होतं हात लावायला? जरा आवाज आला की निघाले कुप्पी घेऊन! तीस वर्षं माग दुरुस्त केले म्हणजे जगातलं सगळं कळतं असं नाही. तुम्हाला यातलं काही म्हणजे काही कळत नाही, अप्पा! काही!"

अव्वा स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली. या घरात अप्पांशी असं कुणी बोललेलं नव्हतं. अप्पांनी कुप्पीची चोच फडक्यानं पुसली, ती फळीवर ठेवली आणि चप्पल घालून बाहेर गेले. आरोहीला वाईट वाटायला हवं होतं, पण तिला नुसता राग येत होता. कासीमला फोन लावला तर तो म्हणाला, दुकान बंद आहे, सकाळी नऊला या.

सोमवारी साडेआठला अप्पा गाडीपाशी उभे होते. कामावर जायचे कपडे अंगावर नव्हते.

"कामावर नाही जायचं?" आरोहीनं विचारलं.

"रजा टाकलीया."

लग्न आणि मयत सोडून अप्पांनी रजा घेतल्याचं आरोहीला आठवत नव्हतं. लॅपटॉप छातीशी धरून ती मागं बसली.

कासीमनं लॅपटॉपचं बूड उघडलं आणि डोक्याला हात लावला. आत तेल, तेलात घरातलं तूस, आणि त्या लगद्यात पंखा पार रुतलेला. "तेल हुतं म्हणून वाचलं. पाणी असतं तर खलास," तो म्हणाला. मग पंखा बोटानं फिरवून बघत त्यानं अप्पांकडं पाहिलं. "पण मामा, तुमचं बरोबर हुतं. बेरिंग खरंच गेलंय ह्याचं. आज न्हाई तर उद्या बसलाच असता."

अप्पा पंख्यातल्या लगद्याकडं बघत राहिले. आरोहीनं मनात म्हटलं, झालं, आता हेही बरोबर!

"नवा पंखा?" आरोहीनं विचारलं.

"पुण्याहून यायचा. उद्या दुपार धरा."

"मला आज सहाला पाठवायचंय!"

"पंख्याशिवाय न्हाई चालायचं ताई. दहा मिनिटांत तापून बंद होतंय."

"बाहेरनं हवा मारली तर?" अप्पांनी विचारलं. सकाळपासूनचं त्यांचं ते दुसरं वाक्य. "बूड उघडंच ठेवायचं. नेमकी कुठं हवा लागती, ते दाखव मला."

कासीमनं तांब्याच्या पट्ट्या दाखवल्या. अप्पांनी दुकानातला टेबलफॅन ओढला, एक रिकामं खोकं मागून घेतलं आणि पुठ्ठा कापून त्याचं नरसाळं केलं, रुंद तोंड फॅनला आणि अरुंद तोंड पट्ट्यांवर. लॅपटॉप दोन डब्यांवर उचलून ठेवला. चिकटपट्टी उन्हाळ्याच्या घामानं टिकेना, तेव्हा ते नरसाळं हातातच धरून स्टुलावर बसले.

"किती वेळ असं धरणार?" आरोही म्हणाली.

"तू तुझं काम बघ."

अकराला चित्रं पुन्हा निघायला लागली. दोनशे तीस. दोनशे एकतीस. अप्पांचा हात जरा खाली आला की तापमानाचा आकडा चढायचा, आरोही "अप्पा!" म्हणून ओरडायची आणि हात वर जायचा. गिऱ्हाइकं येत होती, या स्टुलावरच्या माणसाकडं बघत होती, चार्जर घेऊन जात होती. कासीमनं जेवणाचा डबा उघडला तेव्हा अप्पांनी उजव्या हातातलं नरसाळं डाव्या हातात घेतलं आणि भाकरीचा एक तुकडा खाल्ला. पडद्यावर एकेक चित्र उमटत होतं आणि या वेळी तो भिंतीकडं वळवायला जागाच नव्हती. चार तास अप्पा तो बघत बसले.

तीनच्या सुमाराला सातशे विसावं चित्र निघालं. आरोहीनं श्वास सोडला आणि फिल्म लावून पाहिली.

"थांब," अप्पा म्हणाले. "जरा मागं घे. हां, हितं. धोटा कुठं ठेवलास तू?"

माग अर्ध्यावर थांबलेला आणि आडवा धागा वाहून नेणारा धोटा त्यात अडकलेला, यावरून कॅमेरा हळूच पुढं सरकत होता. सगळ्या फिल्ममधलं तिचं सगळ्यात आवडतं दृश्य होतं ते.

"फणीच्या मागं ठेवलास," अप्पा म्हणाले. "धोटा फणीच्या पुढनं पळतो. मग फणी येऊन धागा ठोकती. असा माग जन्मात चालायचा न्हाई."

"तो बंदच पडलेला आहे, अप्पा! आणि पुण्यात कुणाला कळणार आहे?"

"मला कळलं की."

आरोहीनं घड्याळ पाहिलं. एवढ्या दृश्याची शंभर-सव्वाशे चित्रं, म्हणजे आणखी तास. तिला ओरडावंसं वाटलं. रागाहून वाईट हे होतं की ते पुन्हा बरोबर होते आणि आता तो चुकीचा धोटा तिला दिसल्याशिवाय राहणार नव्हता. तिनं धोटा उचलून फणीच्या पुढं ठेवला. सावली बदलली, धागा पुन्हा ओवावा लागला. अप्पा वाकून बघत होते. "अजून जरा डावीकडं," ते म्हणाले. "आता व्हय. आता बंद पडला तरी माग हाय."

त्यांनी नरसाळं पुन्हा धरलं. आता हात दर मिनिटाला बदलावा लागत होता. कासीम म्हणाला, "द्या मामा, मी धरतो," तर मानेनंच नको म्हणाले.

साडेपाचला फिल्म तयार झाली. कंपनीच्या पानावर ती चढवली आणि खाली अर्ज उघडला. नाव, पत्ता, शिक्षण, आरोही भराभर भरत गेली. शेवटच्या प्रश्नावर तिचा हात थांबला. पुण्यातल्या कार्यालयात रोज हजर राहून काम करायची तयारी आहे का? खाली दोन चौकोन, हो आणि नाही.

"काय झालं? परत अडकलं?" अप्पांनी विचारलं.

"नाही."

"मग काय इचारतंय ते?"

अप्पांना इंग्रजी वाचता येत नव्हतं. ती काहीही सांगू शकली असती. जन्मतारीख विचारतंय म्हटलं असतं तरी चाललं असतं. तिनं त्यांच्या हातातल्या नरसाळ्याकडं पाहिलं आणि पुन्हा खोटं बोलणं तिच्याच्यानं झालं नाही.

"अप्पा, नोकरी पुण्यात आहे. तिथं राहून करायची. घरून नाही. मला पहिल्यापासून माहीत होतं."

कासीमला एकाएकी टेबलाखाली पडलेला स्क्रू शोधायची आठवण झाली. अप्पांनी नरसाळं मांडीवर ठेवलं.

"पैल्यापासनं?"

"हो."

"मग सांगितलं का न्हाईस?"

"तुम्ही नाही म्हणाला असता."

"म्हणलोच असतो," अप्पा म्हणाले. त्यांना त्यात लपवण्यासारखं काही वाटलं नाही. "गेल्या आठवड्यात इचारलं असतंस तर सरळ न्हाई म्हणलो असतो. मला वाटलं पोरगी काहीतरी खेळतीया. खेळू दे घरात बसून."

"आणि आता?"

"आता काय? सकाळपासनं बघतोय की. हे काम हाय." ते मनगट चोळत राहिले. "ते आधी का न्हाई दाखवलंस कधी? मागं येऊन उभा राहिलो की तू भिंतीकडं फिरवायचीस. माणसाला दिसायचं कसं?"

 दोन वर्षं आरोही या माणसाला समजावून समजावून वैतागली होती, आणि दाखवलं मात्र एकदाही नव्हतं. आठवडाभर अप्पांवर काढलेला सगळा राग फिरून तिच्याच अंगावर आला. तिचे डोळे भरले आणि पडद्यावरचे दोन्ही चौकोन पुसट झाले.

"रडाय काय झालं? सहाला किती कमी हायत?" अप्पा खेकसले. "हो म्हण आणि पाठव. खोटं बोललीस ते मला पटलेलं न्हाई, त्याचं घरी गेल्यावर बघू. आणि अव्वाला हे तूच सांगायचं, माझ्याच्यानं व्हायचं न्हाई."

आरोहीनं डोळे पुसले आणि 'हो'च्या चौकोनात खूण केली.